वेलीला मानवतो तो उतार घराला नडतो

न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स या तळ्यांच्या आणि द्राक्षबागांच्या भागात ‘अ‍ॅग डिस्ट्रिक्ट’मधली जागा विकायची असेल, तर खरेदीच्या करारावर सह्या होण्याआधी विक्रेत्याला खरेदीदाराच्या हातात एक छापील सूचना द्यावी लागते. राज्याच्या शेती व बाजार कायद्याचं हे कलम ३१०. सूचनेत सरळ लिहिलेलं असतं: ही जागा शेतीसाठी राखलेल्या पट्ट्यात आहे, इथे शेती चालते, आणि त्यामुळे आवाज, धूळ आणि वास येऊ शकतो. जुळवून घ्यायचं ते नव्याने आलेल्याने, हे करार होण्याआधीच ठरून जातं. १९७१ पासून हे राज्य आपल्या शेतकऱ्यांना या पट्ट्यांचं संरक्षण देत आलं आहे, आणि त्याचं मनापासून कौतुक वाटतं. आपल्याकडे नाशिकच्या बाजूला बंगल्यांच्या योजनांच्या जाहिरातीत द्राक्षबाग दिसते, पहाटेची फवारणी दिसत नाही.

फिंगर लेक्समध्ये घर घेणाऱ्याला आधी भेटतो तो द्राक्षबागांचा हा आवाज, आणि तो वर्षभर हंगामाप्रमाणे बदलत राहतो. एप्रिल-मेमध्ये कोंब फुटल्यावर तापमान शून्याखाली जायची चिन्हं असली, की बागेत मनोऱ्यावरचे मोठे पंखे रात्रभर फिरतात आणि वरची उबदार हवा खाली ढकलतात. १८ मे २०२३ च्या पहाटे या भागातल्या कित्येक बागांचे कोवळे कोंब जळून गेले. त्यानंतर पंख्याच्या आवाजावर कुरकुर करायला तोंड उरत नाही. जूनपासून भुरी आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगांसाठी फवारण्या, साधारण दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने, वारा पडलेला असतो तेव्हा, म्हणजे भल्या पहाटे. ऑगस्टअखेर पाखरं उडवायला गॅसच्या तोफा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणीची यंत्रं दिवे लावून रात्रीही चालतात, कारण थंड द्राक्षं वायनरीत चांगली पोचतात. उलट बाजूची जबाबदारी मात्र सूचनेत कुठेच लिहिलेली नसते. लॉनमधलं तण मारायला सर्रास वापरलं जाणारं २,४-डी द्राक्षवेलीला फार लवकर बाधतं. वाऱ्याबरोबर किंवा वाफेच्या रूपात ते थोडंसं जरी बागेत गेलं, तरी नवी पानं पंख्यासारखी आखडतात, शिरा एकमेकींना चिकटतात आणि फळधारणा बिघडते. शेजारी बाग असेल तर कोंब फुटल्यापासून काढणीपर्यंत हे औषध घरात आणूच नये.

त्या सूचनेच्या शेवटाकडे आणखी एक वाक्य आहे आणि घर घेणाऱ्याने थांबायचं ते तिथे. अ‍ॅग डिस्ट्रिक्टमधल्या जागेला काही परिस्थितीत पाण्याची आणि सांडपाण्याची सार्वजनिक जोडणी मिळायला अडचण येऊ शकते, असं ते सांगतं. शेतीपट्ट्यातून नळयोजनेची लाईन गेली तरी नंतर बांधलेल्या बिगरशेती घरांना जोडणी द्यायची नाही, अशी अट अनेक ठिकाणी असते. हेतू चांगला आहे, पाईपच्या मागोमाग प्लॉट पडू नयेत. पण याचा अर्थ असा, की पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार ते त्या घराने आपल्याच हद्दीत निभावायचं.

इथे या भूभागाचा पेच सुरू होतो. एकूण अकरा तळी, त्यांपैकी वाईनच्या दृष्टीने सेनेका, कायुगा, क्यूका आणि कॅनंडेग्वा महत्त्वाची. सेनेका ६१८ फूट खोल आहे. एवढं पाणी उन्हाळाभर ऊब साठवतं आणि हिवाळ्यात सावकाश निवतं, त्यामुळे ते सहसा पूर्ण गोठत नाही. शरदात काठावर कडाक्याची थंडी उशिरा पोचते, वसंतात थंड पाण्यामुळे वेलीचे डोळे उशिरा फुटतात. जड, गार हवा उतारावरून खाली निघून जाते. पाटीसारखा थराथरांचा शेल खडक आणि त्यावर हिमनदीने सोडलेली माती, त्यामुळे मुळाशी पाणी साचत नाही. डॉ. कॉन्स्टन्टिन फ्रँक यांनी १९६२ मध्ये क्यूकाच्या काठी रीसलिंगसारख्या युरोपीय जातींची वायनरी काढली, १९७६ च्या फार्म वायनरी कायद्याने बागायतदाराला स्वतःची वाईन थेट विकणं सोपं केलं, आणि १९८२ मध्ये फिंगर लेक्सला अधिकृत द्राक्षप्रदेशाचा दर्जा मिळाला.

आता हेच सगळं घराच्या बाजूने पाहा. तीव्र उतार, पातळ माती, खाली भेगाळलेला खडक, पायथ्याशी तळं. द्राक्षासाठी यापेक्षा चांगलं काय हवं? सेप्टिक टाकीसाठी यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही.

गावांच्या बाहेर ड्रेनेज बहुतेक नसतंच. प्रत्येक घराची आपली टाकी आणि तिच्यामागे तिचं सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषचर. राज्याच्या आरोग्य खात्याचा ‘७५-ए’ नावाचा नियम आहे, तो पाठच असावा. टाकी तळ्यापासून निदान ५० फूट, शोषचर निदान १०० फूट. पिण्याच्या विहिरीपासूनही शोषचर १०० फूट, आणि तो विहिरीच्या वरच्या अंगाला, पाणी उतरण्याच्या वाटेवर असेल तर २०० फूट. खडकाच्या किंवा भूजलाच्या वर चार फूट वापरण्याजोगी माती हवी, त्यातली निदान दोन फूट चराच्या तळाखाली. १५ टक्क्यांहून जास्त उतार चालत नाही. पाझर चाचणीत पाणी एक इंच उतरायला ६० मिनिटांहून जास्त लागली तर माती सांडपाणी पीत नाही. एका मिनिटाच्या आत उतरलं तर ते गाळलंच जात नाही, भेगांतून सरळ तळ्याकडे जातं. दोन्हीकडे साधा चर बाद.

काठावरची जुनी कॉटेजं हे नियम येण्याआधीची आहेत. मूळची व्यवस्था चालते तोवर चालू दिली जाते. ती मोडली किंवा एक खोली वाढवायची म्हटलं, की नवे नियम लागू होतात आणि अरुंद प्लॉटवर १०० फूट कुठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो. मग बाहेरून माती आणून उंचावलेला चर, हवा सोडून शुद्धीकरण करणारी टाकी, नाहीतर सांडपाणी पंपाने रस्त्यापलीकडे वर चढवून तिथे शोषचर. खर्च दहा हजार डॉलरच्या काही पट जातो. पंपाचं आणखी एक आहे. वीज गेली की तोही बंद, आणि हिवाळ्यातल्या वादळात वीज जातेच. पंपाच्या टाकीत एक दिवसाचं पाणी साठवायची जागा आणि वेगळ्या सर्किटवर अलार्म आहे का, ते बघा. रस्त्यापलीकडची जमीन दुसऱ्याच्या नावावर असेल, तर पाईप आणि चर दोन्हींचा कायमचा हक्क नोंदवलेला असला पाहिजे. शेजाऱ्याने तोंडी दिलेली परवानगी त्याच्या वारसांना बांधत नाही.

सगळ्यात जास्त फसगत बेडरूमच्या आकड्यात होते. व्यवस्था बेडरूम मोजून मंजूर होते: नव्या नळांच्या घरात प्रत्येक बेडरूममागे रोजचे ११० गॅलन, जुन्या नळांच्या घरात १५० पर्यंत. तीन बेडरूमपर्यंत १००० गॅलनची टाकी, चारला १२५०. जाहिरातीत पाच बेडरूम आणि परवान्यात दोन, असं घर काठावर मुळीच दुर्मीळ नाही. तळघरात पलंग टाकला म्हणून टाकी मोठी होत नाही. काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) किंवा पाणलोट कार्यालयाच्या फाइलमधून मंजूर नकाशा मागवा आणि आकडा स्वतः वाचा. क्यूकाच्या काठी २०० फुटांच्या आतल्या व्यवस्थांची दर पाच वर्षांनी तपासणी होते, तिचा शेवटचा अहवाल मिळतो.

रंग टाकून केलेल्या चाचणीवर एकट्यावर विसंबू नका. हिरवा रंग सोडतात, पाणी सोडतात, कुठे वर येतं का पाहतात. घर महिनोन्‌महिने बंद असेल तर कोरडा चर ते सगळं मुकाट्याने पितो. पुढे उन्हाळ्यात आठ माणसं राहायला आली की तिसऱ्या दिवशी गवतावर ओल दिसते. टाकी उघडून, उपसून, आतले पडदे आणि चरांत पाणी वाटणारी पेटी पाहून घेतलेली तपासणीच खरी. ती मार्च-एप्रिलमध्ये करावी. बर्फ वितळलेला असतो, भूजल सगळ्यात वर असतं आणि जी जागा जुलैत कोरडी ठणठणीत दिसते ती तेव्हा बुटाखाली पचपचते.

पाण्याचं त्या मानाने सोपं आहे, पण गृहीत धरू नका. बरीच घरं थेट तळ्यातून पाणी ओढतात. आत येणाऱ्या पाईपच्या तोंडावर क्वागा आणि झेब्रा शिंपले वाढतात, ते साफ करावे लागतात. घरात गाळणी आणि यूव्ही दिवा असतो. यूव्ही जंतू मारतो, पण उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष काढत नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. त्या दिवसांत प्यायचं पाणी बाहेरून आणायची सोय हवी. शेलमधल्या बोअरला गंधकाचा वास आणि कधी मिथेनही असतो, म्हणून नुसत्या जंतुतपासणीवर थांबू नका. शिवाय हिवाळ्यात गोठू नयेत म्हणून पाण्याचे पाईप चार फूट खोल आहेत का ते विचारा. नसतील तर ते घर ऑक्टोबरात बंद करण्याचं आहे, आणि कर्ज देणारी बँकही ते तसंच धरते.

पुराचं भय लोक तळ्याकडे बघून करतात. इथे तो बहुधा पाठीमागून येतो. डोंगरउतारावरच्या घळी शेलमधून कापत खाली येतात आणि तळ्याला मिळतात तिथे सपाट टोकं तयार करतात. कॉटेजं बरोबर त्याच टोकांवर बांधलेली, कारण सपाट जागा दुसरी नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये सेनेकाच्या पूर्व काठावर लोडी पॉइंटला ढगफुटीसारख्या पावसाने असाच वरून लोंढा आला. साध्या घरविम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविम्यात घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, आणि कर्जाबरोबर घेतला नाही तर तीस दिवस तो लागू होत नाही. २० मार्च २०२४ पासून विक्रेत्याला पुराविषयीची माहिती लेखी द्यावीच लागते. आधी ५०० डॉलर देऊन ती टाळायची पळवाट होती, ती बंद झाली.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र आपला सातबारा उजवा, हे ठामपणे म्हणता येईल. मालक, क्षेत्र, पीक, बोजा एका पानावर. इथे असं एका पानावरचं सरकारी चित्र मिळत नाही. खरेदीखतांची साखळी मागे तपासत जायची आणि उरलेल्या जोखमीसाठी टायटल विमा, म्हणजे मालकीहक्काचा विमा घ्यायचा. मोजणी नवीन करून घ्या. काठाची किंमत ‘फ्रंट फूट’वर ठरते, म्हणजे पाण्याला लागून किती फूट, आणि दहा फुटांची चूक महागात जाते. ‘लेकफ्रंट’ आणि ‘डीडेड अ‍ॅक्सेस’ यांतही गल्लत नको. दुसऱ्यात पाण्यापर्यंत जायचा सामाईक पट्टा मिळतो, काठ मिळत नाही. सेनेका आणि कायुगाचा तळ राज्याचा आहे, त्यामुळे डॉक, म्हणजे बोटीचा धक्का, कितीही जुना असला तरी त्याच्या परवानगीची चौकशी वेगळी करायची.

घराबरोबर वेली येत असतील तर आणखी एक. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, इथे कुणालाही घेता येते. पण त्या जमिनीला शेतीची करसवलत मिळत असेल आणि ती शेवटची मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत वेली काढून तिथे बांधकाम केलं, तर तेवढ्या तुकड्यावर शेवटच्या वर्षी वाचलेल्या कराच्या पाचपट रक्कम आणि वर सहा टक्के व्याज भरावं लागतं. बाग नुसती पडीक ठेवली तर हा दंड नाही. आपल्यासारखी माणसं दूरदेशी चार एकर वेली घेतात तेव्हा घरची मंडळी म्हणतात, मातीशी नातं ठेवायचं तर गावाकडेच ठेवा. नातं दोन्हीकडे ठेवता येतं, आणि जिथे आपण रोज राहतो त्या मातीचे नियम शिकून घेणं हेही नातंच आहे.

पैशाचं थोडक्यात. किंमत दहा लाख डॉलर किंवा त्यावर गेली की खरेदीदाराला पूर्ण रकमेवर एक टक्का ‘मॅन्शन टॅक्स’. शाळेच्या कराचं बिल सप्टेंबरात, काउंटी आणि टाउनचं जानेवारीत. शाळेच्या करातली ‘स्टार’ सवलत फक्त कायम राहत्या घराला. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर २५ मे २०२५ पासून सरकारी विम्याचं एफएचए कर्ज मिळत नाही, त्याशिवायचं साधं ‘कन्व्हेन्शनल’ मिळतं. आई-बाबांनी भारतातून मदत पाठवायची तर रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या ‘एलआरएस’ योजनेखाली प्रत्येकी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर, जो त्यांना विवरणपत्रात वळता करून घेता येतो. वर्षात एक लाख डॉलरच्या वर भेट आली तर अमेरिकेत करनिवासी असलेल्याने परदेशी भेटीची माहिती देणारा फॉर्म ३५२० भरायचा. कर लागत नाही, न भरल्याचा दंड मात्र मोठा.

राज्याच्या या भागात सह्या झाल्यावर वकिलाच्या मंजुरीसाठी सहसा तीन कामकाजाचे दिवस मिळतात. वकील त्याआधीच नेमलेला असावा. करारात सेप्टिकची उपसून तपासणी, पाण्याची चाचणी, नवी मोजणी आणि पूरविम्याचा लेखी दर या चार अटी तारखांसह घालून घ्या. व्यवहार जानेवारीत होत असेल तर जमीन गोठलेली असते, चर तपासता येत नाही. अशा वेळी नव्या व्यवस्थेच्या खर्चाएवढी रक्कम विक्रेत्याच्या पैशातून एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात, अडकवून ठेवायची, आणि एप्रिलमध्ये तपासणी होऊन लेखी अहवाल आल्यावरच सोडायची.