नलारबोर, कॅरव्हॅन आणि मागून बसलेली गाडी

अॅडलेडहून पश्चिमेकडे कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, ओढत निघालं की पोर्ट ऑगस्टापर्यंतच्या तीनेकशे किलोमीटरला इथे ऑस्ट्रेलियात कोणी प्रवास म्हणतच नाही. खरा रस्ता तिथून पुढे, नलारबोरच्या माळावरून जाणारा आयर हायवे, नॉर्समनपर्यंत साधारण १६६० किलोमीटर. एडवर्ड जॉन आयर १८४०-४१ मध्ये ह्या बाजूने पायी-घोड्यावर गेला म्हणून त्याचं नाव, आणि सलग डांबर पडलं थेट १९७६ साली. नवऱ्याच्या डोक्यात ही ट्रिप कधीची होती, त्यात सासरे सांगलीहून आलेले, म्हटलं चला आप्पांनाही दाखवू.

गाडी आमची जुनी डिझेल फोर बाय फोर, मागे कॉइल स्प्रिंग. कॅरव्हॅन सेकंडहँड, अठरा फुटी. सामान म्हणजे काय विचारू नका, दहा किलो तांदूळ, दोन कुकर, लेकीची सायकल, आप्पांची आरामखुर्ची आणि बाहेर लावायचा मंडपासारखा तंबू, तो एकटाच तीस किलोचा असेल.

पोर्ट पिरीच्या अलीकडे अंधार पडायला लागला तसे समोरून येणारे ट्रकवाले अप्पर-डिप्पर मारायला लागले. नवरा म्हणे अरे माझी लाइट डिपरवरच आहे की. स्टिअरिंगही हलकं लागतंय म्हणाला, मला वाटलं वाऱ्यामुळे असेल. पोर्ट ऑगस्टाच्या कॅरव्हॅन पार्कमध्ये शिरताना स्पीड ब्रेकरवर मागून धाडकन आवाज आला तेव्हा मात्र सगळेच खाली उतरलो. आप्पांनी टॉर्च घेऊन गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पोरी, गाडी उलार झालीया की. मागं बसलीय, पुढं टांगलीय."

आप्पांनी आयुष्यभर बैलगाडी, मग ट्रॅक्टर-ट्रॉली आणि नंतर एक जीप वापरलेली, त्यांच्यासमोर भौतिकशास्त्र सांगायची गरज नाही. त्यांचा उपायही तयार, कमानीला एक पाटा वाढवून घ्यायचा, सांगलीत अर्ध्या दिवसाचं काम. पण आमच्या गाडीला पाटेच नाहीत ना, कॉइल आहेत. मग त्यांचं दुसरं, "शॉकअप गेलं असतील." हे जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं, पण शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त स्प्रिंगचं उसळणं आवरतो. नवे कोरे शॉकअप टाकले तरी बसलेली गाडी बसलेलीच राहते.

सकाळी एक वर्कशॉप शोधलं. मेकॅनिक साठीचा, कमी बोलणारा, त्याने गाडीखाली वाकून बघायच्या आधी टेप काढली. चाकाच्या मध्यापासून त्याच्यावरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं माप, चारही चाकांचं, आधी कॅरव्हॅन जोडलेली असताना आणि मग सोडून. मागे साडेसहा सेंटिमीटर खाली, पुढे अडीच वर. मग बाजूच्या यार्डातल्या वजनकाट्यावर पाठवलं. भरलेली कॅरव्हॅन २१८० किलो निघाली, आणि टो बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या लोखंडी गोळ्यावर कॅरव्हॅन अडकवतात त्यावर, येणारं वजन २६८. आमच्या टोबारची मर्यादा २५०.

आता इथे जे त्याने कागदावर काढून दाखवलं ते मला फार आवडलं. बॉल मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे, दोन्ही एक्सलमधलं अंतर २.८ मीटर. म्हणजे मागचा एक्सल हा टेकू आणि त्याच्याही मागे लटकलेलं वजन. २६८ गुणिले १.२ भागिले २.८ म्हणजे ११५. एवढे किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात आणि मागच्या एक्सलवर २६८ नाही तर ३८३ येतात. स्टिअरिंग हलकं का लागत होतं आणि ट्रकवाले का वैतागले होते (पुढची बाजू वर उचलल्याने आमची लाइट त्यांच्या डोळ्यांत जात होती) ते एका भागाकारात कळलं.

आम्ही मनाशी ठरवून गेलो होतो की एअरबॅग टाकून घ्यायच्या, म्हणजे कॉइलच्या आत बसणाऱ्या रबरी पिशव्या, हवा भरली की मागची बाजू वर. त्या त्याने टाकल्याही. गाडी चॅसिसवर उचलून चाकं काढली, एक्सल खाली सोडला, आतला बंप स्टॉप (धक्का अडवणारा रबरी ठोकळा) काढला, पिशवी चुरगाळून कॉइलमध्ये सरकवली आणि नळी नंबरप्लेटच्या मागे आणली. डावी-उजवीची नळी वेगळी ठेवली, का तर एकच असली तर वळणावर दाबली गेलेली हवा दुसऱ्या पिशवीत पळते आणि गाडी आणखी कलते. पण हे सगळं करायच्या आधी तो म्हणाला की ह्याने फक्त गाडीचं ढुंगण वर येईल, पुढच्या चाकांवरून गेलेले ११५ किलो परत येणार नाहीत. दिसायला सरळ आणि चालवायला तशीच. आणि गाडीची कायदेशीर वजनमर्यादाही पिशव्यांनी वाढत नाही, तीही वेगळीच गोष्ट.

त्यासाठी दुसरी वस्तू लागते आणि ती आमच्या कॅरव्हॅनच्या पुढच्या बूटमध्येच (सामानाच्या कप्प्यात) पडलेली होती, आधीच्या मालकाने दिलेल्या साखळ्या आणि दोन लांब स्टीलचे बार. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. बार साखळीने ताणून बांधले की जोडावर उलटा पीळ बसतो, मागच्या एक्सलवरचं काही वजन पुढच्या चाकांवर जातं, काही कॅरव्हॅनच्या चाकांवर. पुढची उंची वाढली असेल त्याच्या निम्मी तरी परत आली पाहिजे असा त्याचा हिशोब. साखळीची कडी मोजून दिली आणि त्यावर मार्करने खूण केली.

आणि मग सामान. तंबू, हत्यारं, तांदूळ सगळं पुढच्या बूटमधून काढून बेडखाली, चाकांच्या बरोबर वर. अगदी मागे नाही हां, मागे भरलं की बॉलवरचं वजन कमी होतं आणि कॅरव्हॅन शेपटी हलवायला लागते, ते जास्त जिवावरचं. कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या दहा टक्के बॉलवर असावं असा इथला साधारण नियम. आमचं २२५ वर आलं. आप्पा खुर्ची उचलून देता देता म्हणाले, "हे मी कालच सांगत हुतो, माल फुडं-मागं सारा." (सांगितलं नव्हतं, पण असो.)

त्याच यार्डात एक डबल कॅब पिकअप उभी होती, कॅबच्या मागे चॅसिस चक्क वाकलेली. तिला पाटे होते, त्यावर एअरबॅग लावून जड ट्रेलर ओढलेला. पाट्यांचं वजन चॅसिसवर दोन टोकांना वाटलं जातं, पिशवी मात्र एकाच ठिकाणी, मधोमध दाबते, त्यात खड्डे. पिकअपवाल्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. आप्पांनी तिचे फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकले.

पुढचा प्रवास खरं सांगायचं तर निवांत झाला. किंबाला तो गुलाबी गाला पक्ष्याचा मोठ्ठा पुतळा, सेडूनाला ऑयस्टर (आप्पांनी बघितले, खाल्ले नाहीत), पेनाँगला पवनचक्क्यांचं म्युझियम. हेड ऑफ बाइटला कड्यावर उभं राहून खाली सदर्न राइट व्हेल आणि तिचं पिल्लू दिसलं, हिवाळा होता म्हणून. बॉर्डर व्हिलेजला क्वारंटाइन असतं, फळं-भाज्या-मध पश्चिमेकडे नेऊ देत नाहीत, म्हणून आदल्या रात्री उरलेल्या सगळ्या भाज्यांचा पुलाव.

खरी परीक्षा केग्युना ते बॅलडोनिया, ह्यात मध्ये १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही. समोरून दोन-दोन ट्रेलरवाली रोडट्रेन आली की आधी हवेचा धक्का बसतो आणि मग ओढ, आधी ह्यात स्टिअरिंग हातात राहायचं नाही, आता नुसती एक हलकी थरथर. मीही चालवली, लेक मागे झोपलेली. बॅलडोनियाच्या रोडहाउसमध्ये १९७९ ला पडलेल्या स्कायलॅब ह्या अमेरिकन अंतराळस्थानकाचे अवशेष ठेवलेत, आप्पांना ते साल चांगलं आठवत होतं, गावात लोक म्हणे आता कशाला पेरणी करायची म्हणत होते.

नॉर्समनला पोचल्यावर परत टेप लावली, पुढे एक सेंटिमीटर वर, मागे दोन खाली, ठीक. कॅरव्हॅन सोडली की पिशव्यांतली हवा कमी करायची असते, नाहीतर रिकामी गाडी टणाटण उडते, पण पाच पीएसआयच्या खाली जाऊ द्यायची नाही, पिशवी घासून फाटते. नवऱ्याला आता कायमच्या जड कॉइल टाकायच्यात. माझं मत नाही, वर्षातून दोन-चारदा ओढायचं आणि बाकी वेळ शाळा-ऑफिस, त्यात कडक स्प्रिंगने कंबर माझीच जाणार. ह्यावर अजून एकमत नाही.

नॉर्समनला रस्ता फुटतो, उजवीकडे कालगुर्ली-पर्थ, डावीकडे दोनशे किलोमीटरवर एस्परन्स. आप्पांना पांढरी वाळू बघायची होती, आम्ही डावीकडे वळलो. एस्परन्सचं पुढच्या भागात.