बंबाचा गळा

सोलापूरकराला भोंग्याचं वेड असलं तर त्यात नवल नाही. या गावाचा दिवसच मुळी भोंग्यावर उगवायचा. १८७७ पासून सूत काढणारी जुनी मिल, पुढं लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. आता एकही भोंगा उरलेला नाही, पण आमच्या शेजारचे अण्णा अजून सांगतात की डोळे मिटूनही कुठल्या मिलचा भोंगा ते ओळखायचे. "प्रत्येकाची पट्टी वेगळी होती बे," असं ते माझ्या भाच्याला ऐकवतात. भाचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्या फोनमध्ये गाणी नाहीत, अग्निशामक बंबांचे सायरन आहेत. देशोदेशीचे. जगात अशी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांची आपसात घराणी आहेत, हे मला त्याच्यामुळं कळलं.

पहिलं घराणं अमेरिकन क्यू सायरनचं. फेडरल सिग्नल कंपनीचा हा क्रोमचा गोळा बंबाच्या नाकावर बसवलेला असतो. आत विजेची मोटर, तिच्यावर खाचा पाडलेलं चाक. चाक फिरलं की हवा तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडते आणि तोच आवाज होतो. तत्त्व जुनंच आहे. फ्रान्सच्या कान्यार द ला तूरनं १८१९ साली भोकं पाडलेली चकती फिरवून असाच सूर काढला होता. भोकं किती आणि सेकंदाला फेरे किती यांचा गुणाकार केला की सुराची कंपनसंख्या मिळायची. क्यू सुरू होताना शंभरेक अँपिअर वीज ओढतो आणि दहा फुटांवर १२३ डेसिबल देतो. पण शौकीन जीव टाकतात ते त्याच्या उतरण्यावर. पायाखालचं बटण सोडलं तरी चाक लगेच थांबत नाही, आवाज खाली खाली येत राहतो. त्याला थांबवायला वेगळा ब्रेक द्यावा लागतो. चांगला ड्रायव्हर तो उगाच दाबत नाही, असं भाचा म्हणतो. अण्णांनी एवढं एकच रेकॉर्डिंग दोनदा लावायला सांगितलं.

मीही याच पक्षाचा. इलेक्ट्रॉनिक सायरनमध्ये वेल म्हणजे लांब हेल, येल्प म्हणजे तोच हेल झटपट, हाय-लो म्हणजे आलटून पालटून दोन सूर, असे प्रकार बटणावर मिळतात, पण बटण दाबताक्षणी आवाज पूर्ण जोरात आणि सोडताक्षणी गायब. सुरू होताना सावकाश चढणं नाही, थांबताना सावकाश उतरणं नाही. येल्प तर शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखा.

जर्मनांचं मार्टिन हॉर्न मात्र ऐकण्यासारखं आहे. दोनच सूर आलटून पालटून, मधलं अंतर आपल्या हिशेबात सा आणि शुद्ध मध्यमाचं. दाबलेल्या हवेवर वाजणाऱ्या खऱ्या कर्ण्यांना जी भरदार गोलाई असते ती स्पीकरमधून निघणाऱ्या नकलेला नाही, यावर तिकडचे शौकीन हमरीतुमरीवर येतात म्हणे. जपानी लोकांनी घंटा टाकून दिली नाही. आगीकडं जाताना सायरन आणि घंटा दोन्ही, परतताना नुसती घंटा. मला ही पद्धत फार आवडली. बंब परत चाललाय, आता आपलं काम करा, हे गल्लीला कळतं. आपल्याकडंही पितळी घंटा होत्या, हातानं वाजवायच्या. मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ ला स्फोट होऊन अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, त्या दिवशी धावलेल्या बंबांवर अशाच घंटा असणार. अग्निशमन सप्ताह त्याच तारखेला सुरू होतो.

सायरन समोरून निघून गेला की त्याचा सूर उतरतो. डॉप्लरनं १८४२ साली हे मांडलं आणि तीन वर्षांनी बाइस बालोट नावाच्या डच माणसानं आगगाडीवर कर्णेवाले बसवून, खाली सुराचे जाणकार उभे करून ते तपासलं. ताशी साठच्या वेगानं बंब गेला तर सूर पेटीच्या पावणेदोन पट्ट्यांनी खाली यायला हवा. मी भाच्याला म्हटलं, नवी पेठेच्या बाजारात ऐकू का? तो म्हणाला, "मामा, नवी पेठेत बंब उभाच असतोय. सूर कशाला उतरतोय?"

तिथं खरी पंचाईत वेगळीच असते. आवाज सगळ्यांना ऐकू येतो, पण कुठून येतोय ते कळत नाही. चौकातली प्रत्येक मान वेगळ्या दिशेला. याला कान दोषी नाहीत. एकाच पट्टीतल्या शुद्ध सुराची दिशा माणसाला नीट लागत नाही. खरखरीत, अनेक पट्ट्यांनी भरलेला आवाज मात्र चटकन सापडतो. म्हणजे सायरन जितका सुरेल, तितका कामाला कच्चा. शौकिनांना हे सांगून बघा.

भाच्याच्या फोनमध्ये विचित्र बंबांचं दुसरं दालन आहे. हंगेरीवाल्यांनी टी-३४ रणगाड्यावर मिग-२१ ची दोन इंजिनं चढवली, त्यांच्या झोतात पाणी सोडलं आणि १९९१ साली कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरी फुंकर मारून विझवल्या. अण्णांचा प्रश्न, "आन् पाणी? उजनीतनं पाइप टाकायचा काय?" जिथं नळाला रोज पाणी येत नाही तिथं हा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. अमेरिकेत लांब शिडीच्या गाडीला मागं दुसरा ड्रायव्हर असतो, तो फक्त मागची चाकं वळवतो. पण मला हवी ती आल्प्स पर्वताखालच्या माँ ब्लाँ बोगद्यातली. मार्च १९९९ मध्ये त्या बोगद्यात आग लागून ३९ माणसं मेली. त्यानंतर तिथं दोन्ही टोकांना केबिन असलेली गाडी आली, वळवायची गरजच नाही, आला तसा परत. आमच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या बोळात, शिरलेला बंब बाहेर काढायला निम्मी गल्ली मागं उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" करते. आल्प्सपेक्षा इथं तिचा उपयोग जास्त.

हा सगळा शौक खऱ्या बंबापुढं क्षणभर बाजूला पडतो. टॉवेलच्या कारखान्यात कापसाची तूस छताला, तुळयांना, मोटारींना चिकटलेली असते आणि एक ठिणगी तिच्यावरून पळत जाते. अक्कलकोट रोडच्या बाजूला आवाज गेला की पूर्व भागातल्या बायका दारात येतात, कुणाची पाळी कुठं आहे ते आधी विचारतात. भाचाही आधी कारखान्यात फोन लावतो. सगळं ठीक आहे कळलं की मला फोन: "मामा, येल्पच होता. भंगार."

२०२१ साली नितीन गडकरींनी नाशिकला सांगितलं की रुग्णवाहिकेच्या सायरनऐवजी आकाशवाणीची धून वाजवावी असा विचार आहे. शिवरंजनीतली, वॉल्टर कॉफमनची ती धून मला प्राणप्रिय आहे. पण ती ऐकून आजवर कुणी घाई केल्याचं मी पाहिलेलं नाही. लोक कूस बदलून पुन्हा झोपतात.

भाच्याचं म्हणणं, आपल्या बंबाला हलगी लावा. खरखरीत, तुटक, कडक आवाज, दिशा लगेच लागते, शास्त्रात बसतंय. मला पटलं होतं. अण्णांनी तंबाखू मळता मळता निकाल दिला, "हलगी वाजली तर सोलापूरचं पब्लिक बाजूला होतंय काय बे? पुढं नाचत जाईल. बंब वरातीच्या मागं."