दहावे ग्रेगरी आणि बंद दाराचा कायदा

२९ नोव्हेंबर १२६८ रोजी पोप चौथे क्लेमेंट इटलीतल्या व्हितेर्बो गावी वारले. पुढचा पोप ठरवायला कार्डिनलांना, म्हणजे पोप निवडण्याचा हक्क असलेल्या चर्चच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना, दोन वर्षं नऊ महिने लागले. दहाव्या ग्रेगरींची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण ते पोप झाले ते या खोळंब्यातून, आणि त्यांचं सर्वांत टिकाऊ काम म्हणजे असा खोळंबा पुन्हा होऊ नये म्हणून केलेला कायदा.

घोडं अडलं होतं ते मतांवर. पोप होण्यासाठी दोन तृतीयांश मतं हवीत, हा नियम ११७९ पासून होता. पण तेवढी मतं कुणालाच पडली नाहीत तर पुढे काय, याबद्दल तो नियम गप्प होता. एका गटाचा ओढा फ्रेंच राजघराण्याकडे, म्हणजे दक्षिण इटलीवर राज्य करणाऱ्या आंजूच्या चार्ल्सकडे. दुसऱ्या गटाला चार्ल्सचं बळ आणखी वाढायला नको होतं. दोन्ही बाजूंकडे समोरच्याला अडवण्यापुरती मतं होती, निवडून आणण्यापुरती नव्हती. आणि थांबण्यात कुणाचंच काही जात नव्हतं.

शेवटी गावकऱ्यांनी कार्डिनलांना बिशपच्या वाड्यात कोंडलं, जेवण तोडलं, वर छप्परही उतरवलं. छपराची गोष्ट रचलेली वाटते, पण तिला कागदाचा आधार आहे. जून १२७० मध्ये कार्डिनलांनी गावच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं: ओस्तियाचे कार्डिनल हेन्री आजारी आहेत, या खेपेपुरता त्यांनी मताचा हक्क सोडला आहे, त्यांना बाहेर जाऊ द्या. पत्र कुठून लिहिलं, त्या जागी नोंद आहे ‘छप्पर नसलेल्या वाड्यात’.

एवढं करूनही आणखी सव्वा वर्ष गेलं. १ सप्टेंबर १२७१ रोजी सर्वांनी मिळून सहा जणांना अधिकार दिला आणि त्या सहांनी त्याच दिवशी नाव काढलं: तेओबाल्दो व्हिस्कोंती, म्हणजेच पुढचे दहावे ग्रेगरी. मूळचे पियाचेंझाचे, लिएजचे आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचे अधिकारी. कार्डिनल तर नव्हतेच, पण त्यांना पुरोहितपदाची दीक्षाही झालेली नव्हती. दोन्ही गटांना ते चालले, याचं मुख्य कारण मला हेच वाटतं की त्या भांडणात ते कुठेच नव्हते. ते होते समुद्रापार आक्रे बंदरात, इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड याच्यासोबत धर्मयुद्धाच्या मोहिमेवर. व्हेनिसचे निकोलो आणि माफेओ पोलो यांना मंगोल सम्राट कुबलाई खानासाठी पत्रं आणि सोबत दोन डॉमिनिकन साधू त्यांनीच दिले. साधू वाटेतूनच परतले. पोलो बंधू आणि तरुण मार्को पुढे गेले.

१२७२ च्या फेब्रुवारीत तेओबाल्दो व्हितेर्बोला पोचले, १९ मार्चला पुरोहित झाले आणि २७ मार्चला रोममध्ये दहावे ग्रेगरी म्हणून पोपपदावर बसले.

७ मे १२७४ रोजी त्यांनी फ्रान्समधल्या लियोंला चर्चची परिषद भरवली. जेरुसलेमसाठीच्या नव्या धर्मयुद्धाला चर्चच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा सहा वर्षं द्यायचा, असं ठरलं. रोमपासून वेगळ्या झालेल्या ग्रीक चर्चशी एकीची घोषणाही ६ जुलैला झाली. यातलं फारसं काही तगलं नाही. ग्रेगरींच्या मागे ती मोहीम निघालीच नाही. एकी बायझंटाइन सम्राट आठव्या मायकेलने राजकीय गरजेपोटी स्वीकारलेली, कॉन्स्टँटिनोपलच्या लोकांना ती कधीच मान्य नव्हती.

टिकला तो निवडीचा कायदा. पोप जिथे वारले त्याच गावी कार्डिनलांनी जमायचं आणि बाहेरगावच्यांसाठी फक्त दहा दिवस थांबायचं. मग सर्वांनी एकाच दालनात राहायचं, मध्ये आडभिंत नाही, पडदा नाही. सोबत एकच सेवक, आजारी असेल तर दोन. जेवण खिडकीतून. बाहेरून निरोप आणला तर चर्चमधून बहिष्कार. तीन दिवसांत निर्णय झाला नाही, तर पुढचे पाच दिवस दुपारी एकच पदार्थ आणि रात्री एकच. त्यानंतर नुसता पाव, पाणी आणि वाइन.

चर्चा नेहमी या जेवणाची होते, पण माझ्या मते खरी मेख पैशाच्या कलमात आहे. गादी रिकामी असेपर्यंत पोपच्या खजिन्यातून कार्डिनलांना काहीही मिळणार नाही, जमेल ते नव्या पोपसाठी राखायचं. थांबण्याची किंमत आता थांबणाऱ्याच्या खिशातून जाणार होती. गावच्या अधिकाऱ्यांनाही शपथ होती: नियम पाळून घ्या, पण त्याहून जास्त छळ करू नका. व्हितेर्बोचं छप्पर आठवलं की हे कलम का आलं ते कळतं.

कार्डिनलांनी कडाडून विरोध केला. ग्रेगरींनी त्यांच्याशी वाद घालत बसण्याऐवजी बिशपांना बोलावून त्यांच्या संमतीचे शिक्के घेतले.

१० जानेवारी १२७६ रोजी ते आरेझ्झोला वारले. दहा दिवस थांबून कार्डिनल आत गेले आणि २१ जानेवारीला, एकाच दिवसात, पाचवे इनोसंट निवडून आले. पण त्याच वर्षी पाचव्या एड्रियननी कायदा स्थगित केला आणि एकविसाव्या जॉननी तो रद्दच केला. परिणाम लगेच दिसला. १२७७ मध्ये गादी सहा महिने रिकामी राहिली, आणि १२९२ पासून तर दोन वर्षांहून जास्त. १२९४ मध्ये पाचव्या सेलेस्टीननी कायदा परत आणला. १३ डिसेंबरला त्यांनी स्वतःच पद सोडलं. दहा दिवसांनी नेपल्समध्ये दार बंद झालं आणि २४ डिसेंबरला आठवे बोनिफेस निवडले गेले. १२९८ मध्ये त्यांनी हा कायदा चर्चच्या कायदेसंग्रहात घातला.