एकोणपाचशे

तिसरीला या आठवड्यात हातच्याची वजाबाकी चालू आहे, आणि त्यातलाही सगळ्यात खडूस प्रकार, म्हणजे वरच्या संख्येत दोन शून्यं. ५०० वजा २६३. बाहेरच्याला वाटतं यात काय एवढं. बसा एकदा आमच्या वर्गात. निम्मी पोरं ३६३ लिहितात, कारण शून्यातून तीन जात नाहीत तर तीनातून शून्य घालवायचं, मोठ्यातून लहान, हिशोब संपला. दरवर्षी तेच.

माझी शाळा अक्कलकोट तालुक्यात, द्विशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी हेडसरांकडे. हेडसर निम्मा वेळ वरून आलेली कुठलीतरी ऑनलाइन माहितीची लिंक भरत असतात, त्यामुळे प्रत्यक्षात किती वर्ग कोणाकडे ते विचारू नका. कर्नाटकची हद्द जवळ, बऱ्याच पोरांच्या घरी कन्नडच. मराठी त्यांना शाळेत आल्यावर भेटते. आणि मराठीतले आकडे म्हणजे तर बाप रे. कन्नडमधे एकोणतीसला इप्पत्तोंबत्तु, सरळ वीस आणि नऊ, जसं लिहायचं तसंच बोलायचं. आपल्याकडे पंचवीस म्हणताना पाच आधी आणि लिहिताना दोन आधी, वर एकोणतीसमधे ऐकू येतो तीस आणि लिहायचे दोनावर नऊ. २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा केवढी टिंगल झाली, विधानसभेत फडणवीसांचं 'फडण दोन शून्य' करून झालं. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी सीमेवरच्या पोरांना एकोणसाठ शिकवलंय देव जाणे. मीपण तेव्हा हसले होते, खोटं कशाला बोलू.

तर सोमवारी श्रुतलेखन घेतलं, अंकात लिहा. एका पोरीनं एकोणसाठला ६९ लिहिलं. तिचं घर पूर्ण कन्नड, वर्गात फारसं बोलत नाही, पण डोळे सगळीकडे. तिला जवळ घेतलं आणि गणितपेटीतली शंभर मण्यांची माळ काढली. (या माळेबद्दल मी कितीही बोलू शकते. दहा लाल, दहा पांढरे, दोरा तुटला की मीच ओवते, फळ्याशेजारी दोन खिळ्यांना कायम टांगलेली.) तिला साठपर्यंत मणी मोजायला लावले आणि एक मागं ढकलला. म्हटलं बघ, साठला एक कमी, एक उणा, म्हणून एकोणसाठ. तिनं एकोणतीस करून बघितलं, एकोणऐंशी करून बघितलं, आणि एकदम चेहरा उजळला. मग माळेच्या टोकाला बोट ठेवून विचारलं, "बाई, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही?"

मी म्हटलं नाही म्हणत बाळा. हे काय उत्तर झालं?

बुधवारी साहेब आले, केंद्रप्रमुख. न सांगता. पोषण आहाराचं रजिस्टर बघितलं, तांदळाचा साठा बघितला आणि मग वर्गात येऊन मागं खुर्ची टाकून बसले. मी ५०० वजा २६३ फळ्यावर टाकलं आणि वह्या बघत फिरायला लागले. या पोरीच्या वहीत ५०० च्या खाली ४९९ लिहिलेलं, त्यातून २६३ वजा, उत्तर २३६, आणि बाजूला २३७. कुठे उसना घेतलेला नाही, वर काही खोडलेलं नाही. मला वाटलं शेजारणीचं बघून उत्तर दुरुस्त केलंय. विचारलं, "हे ४९९ कुठून आणलंस ग?" ती म्हणाली, "एकोणपाचशे."

वर्ग हसला, साहेब हसले, मीपण हसले. वर लाल पेनानं फुली मारली आणि लिहिलं 'हातचा कुठे?' साहेबांनी शेरेबुकात 'वजाबाकीचा संबोध दृढ करावा' असा शेरा लिहिला, चहा घेतला आणि गेले.

संध्याकाळी वह्या घरी आणल्या होत्या. कुकर लावला आणि तपासायला बसले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपण पाचशे सोडवतो तेव्हा काय करतो? शतकाचा एक गठ्ठा सोडला, चार उरले. त्याचे दहा दशक, त्यातला एक सुटा केला, नऊ उरले. एककात दहा. म्हणजे ४, ९, १०. आणि तिनं काय लिहिलं? ४, ९, ९, आणि एक मणी बाजूला ठेवला. शेवटी परत टाकला. बस. तेच आहे हो, फक्त उसना घ्यायची भानगडच नाही, नवातून काहीही जातंच. मी पेन्सिल घेऊन ४००० वजा १६५८ करून बघितलं, ३९९९ मधून केलं, २३४१, एक मिळवला, २३४२. बरोबर. ५०३ वजा २६७ पण केलं, ४९९ मधून २३२, बाजूला ठेवलेले चार मिळवले, २३६. बरोबर! भात खाली लागला तरी उठले नाही. अठरा वर्षं शिकवतेय, हातच्यासाठी काड्यांचे गठ्ठे काय, खोट्या नोटा काय, सगळं केलं, हे कधी सुचलं नाही.

फुलीवर मोठी बरोबरची खूण केली, खाली 'शाब्बास' लिहिलं.

गुरुवारी तिलाच फळ्यावर बोलावलं. ५०३ वजा २६७. म्हटलं कालच्यासारखं कर. तिनं खडू घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं ३६४. मोठ्यातून लहान. जी चूक तिनं कधीच केली नव्हती ती. मधल्या सुट्टीत खिचडी वाढताना विचारलं, अगं एकोणपाचशेचं काय झालं? मान खाली. "तसं नसतंय बाई, सगळे हसतात."

सगळ्यांत मी होते.

हेडसरांना सांगितलं तर म्हणाले, मॅडम पॅटच्या, म्हणजे त्या सरकारी चाचणीच्या, पेपरात असं चालेल का ते बघा आधी. त्यांचंही बरोबर असेल, पण मला त्या क्षणी त्यांची लिंक हँग व्हावी असं मनापासून वाटलं.

आज शुक्रवार, परत वह्या घेतल्या. तिनं ते पान रबरानं इतकं घासलंय की मधे भोक पडलंय. माझं शाब्बासपण गेलं त्यात. एका कडेला दोन ९ तेवढे दिसतात.

सोमवारी फळ्यावर ७०० वजा ३५४ टाकणार आहे, त्याखाली मीच ६९९ लिहिणार, आणि एकोणसातशे असं मोठ्यानं म्हणणार. काय हसायचंय ते मला हसू देत.