नुसता पाय टेकवायचा

सायकल राइडवर मैत्रीण थांबली नाही, एवढंच तर झालं. परवापासून तेच डोक्यात घोळतंय.

पसरणी घाट नुकता लागला होता आणि माझं मागचं चाक बसलं. टायर आतून चाचपत गेले तर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली तार हाताला लागली. केसाएवढी बारीक, नखांत धरवेना. शेवटी दातांनी ओढून काढली, तोंडभर रबराची चव. तेवढ्यात ती मागून आली. "सगळं आहे ना?" मी हो म्हटलं आणि पेडलमध्ये अडकवलेलं बुटाचं क्लीटसुद्धा न काढता ती पुढे गेली.

सगळं होतंच. ट्यूब होती, लिव्हर होते, पंप होता. ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राइडमध्ये, ज्याचं त्याने बघायचं, मदतीची गाडी भेटली तर फक्त कंट्रोलवर, वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी. २०० किलोमीटरला साडेतेरा तास. तिचं काही चुकलं नाही. दादा म्हणाला, "अगं, राइड आहे, वरात नाही." पटतंय. तरी मला तिने एक पाय खाली टेकवायला हवा होता. मदत नको होती, नुसता पाय टेकवायचा.

मागच्या खेपेला खंबाटकीत तिची चेन तुटली तेव्हा मी थांबले होते. अंधार पडलेला, मी टॉर्च धरून उभी, ती चेनटूल फिरवतेय, शेजारून ट्रक धडधडत जातायत. दोघींचीही वेळ हुकली. तेव्हा मनात कसलाही हिशेब नव्हता. खरंच नव्हता? मग परवा इतकं का लागलं? उधारी दिली नव्हती म्हणते, पण वहीत नोंद राहिलेली दिसतेय.

रात्री झोप येईना म्हणून २०२२ च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीचा तो तुकडा परत पाहिला. स्पांदेलच्या उतारावर पोगाचार घसरून पडतो. पिवळ्या जर्सीतला, म्हणजे शर्यतीत आघाडीवर असलेला विंगेगोर वेग कमी करून या प्रतिस्पर्ध्याची वाट बघतो. पोगाचार येऊन त्याचा हात हातात घेतो. दरवेळी माझे डोळे भरतात. या वेळी वेगळंच मनात आलं: त्या सकाळी विंगेगोरकडे २ मिनिटं १८ सेकंदांची आघाडी होती, त्याला थांबणं परवडत होतं. आणि पुढे ओताकामच्या चढावर त्याने पोगाचारला मागे टाकलंच. हात मिळवला म्हणून शर्यत सोडली नाही. ते मला फार आवडतं.

पण नेहमी परवडतं म्हणूनच थांबतात असं नाही. मे २००६ मध्ये डॅन मेझर, अँड्र्यू ब्रॅश, माइल्स ऑस्बॉर्न आणि जांगबू शेर्पा एव्हरेस्टच्या उत्तर बाजूने चढत होते. ८,६०० मीटरच्या आसपास त्यांना लिंकन हॉल हा गिर्यारोहक बसलेला दिसला. हातमोजे नाहीत, जॅकेट अर्धं उतरवलेलं. आदल्या संध्याकाळी, तो गेला असं समजून त्याला तिथेच सोडलं होतं. हवा छान होती, शिखर काही तासांवर. हे चौघे त्याच्यापाशी थांबले, ऑक्सिजन दिला, खालून मदत येईपर्यंत राहिले आणि शिखर न गाठताच उतरले. हॉल जगला. त्याच मोसमात, त्याच बाजूला डेव्हिड शार्प हा दुसरा गिर्यारोहक मरणाच्या दारात असताना चाळीसेक जण त्याच्याजवळून गेले. काहींना तो दिसलाही नसेल, काहींनी प्रयत्नही केला. घरात पंख्याखाली बसून त्यांचा न्याय करायची माझी तयारी नाही. पण मेझरच्या चौघांना हॉलकडून परत काही मिळायचं नव्हतं, हे मात्र मनातून जात नाही.

आज सकाळी ट्यूबला ठिगळ लावताना जाणवलं, राग बराच उतरलाय. या वेळी तिला वेळ गाठायचीच होती. तिच्या घरी जे चाललंय त्यात तेवढी एकच गोष्ट तिच्या हातात होती, आणि तिने ती गाठली. मला हेवा वाटला का? थोडा वाटला असेल. खंबाटकीत परत तशी वेळ आली तरी मी टॉर्च धरून उभी राहीनच. तो माझा स्वभाव आहे. तिचाही तसाच असावा हा हट्ट मी का धरावा?

तिचा मेसेज आलाय. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची नोंदणी उघडलीय, दोघींची करू का म्हणून विचारतेय. कर म्हटलं. खाली आणखी एक ओळ आहे, "रागावलीस का गं?" त्याचं उत्तर भेटूनच देईन, मेसेजवर नाही जमायचं.