उताऱ्यातला अकरावा रकाना

आजोबा गेल्यावर वारस लावायला, म्हणजे आमच्याकडे ज्याला पौती म्हणतात त्यासाठी, मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या शेताचा उतारा पहिल्यांदा नीट पाहिला. सगळा कन्नडमध्ये. मी मराठी शाळेत शिकलो. कन्नड बोलतो, पण वाचताना अडखळतो, आणि बाबांना तर एक अक्षर लागत नाही. २००० साली कर्नाटक सरकारच्या भूमी प्रकल्पात हाती लिहिलेल्या पहाण्या, म्हणजे हेच उतारे, संगणकावर गेल्या. आता सर्व्हे नंबर टाकला की घरबसल्या उतारा दिसतो, पण बाबांना तो कुणाकडून तरी वाचूनच घ्यावा लागतो.

त्यावरून वेब ॲप सुचलं: उताऱ्याचा फोटो टाका, सगळा मजकूर मराठीत वाचा. मोबाईलवर काढलेल्या तिरक्या, अंधुक फोटोतली कन्नड अक्षरं ओळखणं सगळ्यात अवघड, त्यातच तीन-चार महिने गेले असते. म्हणून कोड लिहिण्याआधी हे कुणाला हवंय का, ते बघायचं ठरवलं.

एका पानाची साइट केली. ॲप अजून तयार नाही, सध्या मी स्वतः वाचून सांगतो आणि हा कायदेशीर कागद नव्हे, हे वरच लिहिलं. लिंक आधी पुण्यातल्या मित्रांना पाठवली. सगळे म्हणाले, भारी आहे. पण त्यांच्यापैकी कुणाला उतारा वाचून घ्यायचा नव्हता, त्यामुळे त्या कौतुकावरून मला काहीच कळलं नाही.

मग कचेरीसमोरचं झेरॉक्सचं दुकान, गावची सोसायटी आणि भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अशा तीन ठिकाणी क्यूआर दिले. प्रत्येकाची लिंक वेगळी ठेवली, म्हणजे माणूस कुठून आला ते कळावं. पहिल्या आठवड्यात लोक पान उघडत होते, पण फॉर्म कुणी भरेना. फॉर्ममध्ये मी ईमेल सक्तीचा केला होता. तो काढून व्हॉट्सअ‍ॅपचं बटण लावलं आणि त्याच संध्याकाळी पहिला फोटो आला.

दोन वेगवेगळे मथळे लावून तुलना करायचंही मनात होतं. पण आठवड्याला जेमतेम पन्नास-साठ माणसं येत असताना टक्केवारी काढून काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा मी प्रत्येकाला फोन केला, आणि खरं काम त्या फोनवर झालं. येळ्ळूरच्या एका काकूंना मी एकेक रकाना वाचून दाखवत होतो. जमिनीचा प्रकार झाला, आकार झाला, तशा त्या मध्येच म्हणाल्या, "बाळा, माझं नाव हाय की नाही तेवढं सांग की. बाकी घेऊन काय करू?"

तीन आठवड्यांत ३८ उतारे आले. सगळा मजकूर मराठीत हवा असं म्हणणारे फक्त चार. बाकीच्यांना दोनच रकाने हवे होते. नववा, ज्यात मालकाचं नाव आणि क्षेत्र असतं, आणि अकरावा, ज्यात इतर हक्क आणि कर्जाचा बोजा असतो. पीककर्ज फेडलंय, पण बोजा अजून अकराव्यात दिसतोय का, ही काळजी सगळ्यात जास्त. नवं कर्ज काढायला गेल्यावर ते कळलं की हंगाम हातचा जातो.

शेवटी पैसे मागून बघितले. आपल्याच माणसांकडून पैसे मागायला जड गेलं, तरी फुकटात हो म्हणणारा आणि ३० रुपये मोजणारा यांत फरक असतो, आणि मला तो बघायचाच होता. पुढच्या २० जणांना आधीच यूपीआयवर पाठवायला सांगितलं. ११ जणांनी पाठवले. दोघांचे फोटो वाचता आले नाहीत, त्यांचे परत केले. त्या ११ पैकी आठजण झेरॉक्सच्या दुकानातून आले होते, भावकीच्या ग्रुपमधून एकही नाही.

सगळा उतारा मराठीत आणायचं काम मी आता बाजूला ठेवलंय. ॲपमध्ये फक्त नववा आणि अकरावा रकाना असेल. बोजाच्या नोंदी ठरावीक साच्यातल्या असतात. हाताने वाचताना त्यांची वही भरलीय आणि अक्षर ओळखायचं काम तिच्यामुळे पुष्कळ सोपं होईल. पैसे देणाऱ्यांनाच ते आधी वापरायला देणार आहे. काकूंना मात्र त्या दिवशीच सांगितलं: नवव्या रकान्यात त्यांचं नाव आहे, दिरांच्या नावाच्या खाली, क्षेत्र १ एकर ४ गुंठे.