मनीचा उपास

परवा दुपारी देव्हाऱ्याजवळ बारीक कचकच आवाज आला म्हणून बघायला गेले तर मनी घटाचं धान खात होती. पाचवी माळ, धान चांगलं चार बोटं वर आलेलं, आणि ही बाई मान तिरकी करून एकेक पात दाढेखाली घेतेय. हट् म्हटलं तर माझ्याकडे अशी बघते जणू उपास मीच मोडलाय.

आता नवरात्रात घरात मासळी बंद म्हणजे तिचीही बंद, नुसते पाकिटातले सुके दाणे. पण भुकेनं नव्हती खात, मांजरं खातातच की गवत मधूनच, वाघ-बिबट्यांच्या विष्ठेतपण सापडतं म्हणे.

शाळेतल्या तक्त्यावर कसं स्वच्छ होतं सगळं. डावीकडे गाय, हरीण, ससा, उजवीकडे वाघ, सिंह, मधे जाड रेघ. अस्वल आणि कावळा खाली कोपऱ्यात, मिश्राहारी, मला वाटायचं हे आमच्यासारखे वार पाळणारे. पुढे कळलं की चितळंसुद्धा पडलेली शिंगं आणि हाडं चघळतात, चाऱ्यातून कॅल्शियम-फॉस्फरस पुरत नाही म्हणून. झालं, रेघ पुसली. आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला बिबट्या, जंगलात चितळ-सांबर असताना कडेच्या वस्तीतली कुत्री उचलतो. त्याचं मात्र मला नवल नाही, डब्यात भाजी-पोळी असताना स्टेशनबाहेर वडापाव खाणारी माणसं रोज बघते मी.

आजीबरोबर एकदा राणीच्या बागेत गेले होते, सात-आठ वर्षांची असेन. शनिवार, म्हणजे आजीचा उपास. सिंह पिंजऱ्यात आडवा, हलायला तयार नाही, तिथला माणूस म्हणाला आज याला काही नाही, आठवड्यातून एक दिवस उपाशीच ठेवतात. आजीनं पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला, अर्धा मला दिला आणि एकदम गंभीरपणे विचारलं, "मग साबुदाणा वगैरे देता का हो?" तो हसलासुद्धा नाही. "फक्त पाणी, आजी." "हां, निर्जळी नाही ना, मग ठीक."

जंगलात रोज कुठे शिकार मिळते, एकदा पोटभर खाल्लं की दोन-चार दिवस तसेच काढतात, म्हणून बऱ्याच झूमध्ये असा खाडा ठेवतात, हे मी फार नंतर वाचलं. आजीला असल्या कारणांची गरजच नव्हती. त्यानंतर दर शनिवारी बाबांनी अंड्याचं नाव काढलं की एकच वाक्य, "अरे, सिंहसुद्धा पाळतो!"

मनीनं तासाभरानं ते सगळं धान पायपुसण्यावर ओकून टाकलं आणि अकराला कोळीणमावशी येते ती वेळ कधीच टळून गेलेली असताना दाराशी जाऊन बसली. घट हलवायचा नसतो, म्हणून खाल्लेल्या बाजूवर झेंडूची माळ जरा ओढून घेतलीय. सासूबाईंना अजून दिसलेलं नाही.